रानवाटेला लागण्यापूर्वी

थंडी ओसरू लागली की आपल्या दापोली-खेड भागातल्या माणसांना डोंगराची ओढ लागते. महाशिवरात्रीला चोरवण्याच्या वाटेने नागेश्वराला जाणारे भाविक, रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड अशी तिन्ही गडांची वाट तुडवणारी कॉलेजची मुले, घाटावर बामणोलीला जाऊन तिथून लाँचने पलीकडे उतरून वासोटा चढणारे हौशी गट, आणि सुट्टीत गावी आल्यावर गावातल्या पोरांबरोबर उत्साहाने डोंगरावर निघणारे मुंबईचे चाकरमानी. यात अलीकडे परदेशाचीही भर पडली आहे. निवृत्तीनंतर हाती चार पैसे आलेली किंवा मुले बाहेर स्थिरावलेली मंडळी आफ्रिकेतल्या जंगलांची सहल करून येतात. तिथे काही ठिकाणी मोटारीतून न जाता, बंदूकधारी वाटाड्याच्या मागून पायी रान हिंडण्याची सोय असते.

अशा प्रवासाला निघालेली मंडळी दवाखान्यात आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, कुठली इंजेक्शने घ्यायची?" माझे उत्तरही ठरलेले आहे, "इंजेक्शनचे मग पाहू. आधी रोज किती चालता ते सांगा." मग ती मंडळी एकमेकांकडे पाहतात.

रान आफ्रिकेतले असो की कोयनेचे, माझे मत असे आहे की तिथे माणूस वाघ-सिंहाच्या पंजाने फार क्वचित दगावतो. तो दगावतो उन्हाने, दमलेल्या हृदयाने, पाय घसरल्याने, मधमाश्यांनी, आणि साप चावल्यानंतर फुकट घालवलेल्या वेळाने. यातली प्रत्येक गोष्ट घरून निघण्यापूर्वी बऱ्याच अंशी टाळता येते. पण आपण तयारी करतो ती बुटांची, बॅगेची आणि फराळाची.

पूर्वीची माणसे आणि आपण

"आमचे आजोबा अनवाणी घाट चढत होते, त्यांना कुठे काय झाले?" असा प्रश्न हमखास विचारला जातो. खरे आहे. आपल्या शेजारच्या मुरुडचे महर्षी धोंडो केशव कर्वे तरुणपणी परीक्षेसाठी भर पावसात कुंभार्ली घाटाच्या वाटेने साताऱ्याला पायी गेले. वय लहान दिसते म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसू दिले नाही, आणि ते तसेच परतले. पुढे त्यांना १०४ वर्षांचे आयुष्य लाभले. पण त्यांच्या पिढीला चालणे हा रोजचाच उद्योग होता. त्यांचे पाय, गुडघे आणि हृदय वर्षभर तयारीतच असत.

आजही आपल्या हर्णे बंदरावर हे पाहायला मिळते. संध्याकाळी लिलावाच्या वेळी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन वाळूतून भराभर चालणाऱ्या पन्नाशीच्या बाईला डोंगराची भीती घालण्याचे कारण नाही. भीती वाटते ती दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराची, खुर्चीवरच्या कारकुनाची, आणि वर्षभर लोकलने ये-जा करून दोन दिवसांसाठी गावी आलेल्या चाकरमान्याची. त्याचे मन अजून अठराचेच असते. गावातली पोरे पुढे पळतात आणि हा मागे राहू नये म्हणून छातीत भरून आले तरी बोलत नाही. ही लाज जीवघेणी आहे.

सहा आठवडे आधी

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने मोठ्या चालीपूर्वी रक्तदाब, रक्तातील साखर आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. आलेख चांगला आला म्हणजे हृदय निर्दोष असल्याचा दाखला मिळाला, असे मात्र समजू नये. तो विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला असतो. चढावर छाती दाबल्यासारखी होणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे, थांबल्यावर बरे वाटणे, अशी लक्षणे असतील तर ती डॉक्टरांना सांगितलीच पाहिजेत. तोपर्यंत डोंगर बाजूला ठेवावा. देव कुठे जात नाही आणि गडही जात नाही.

तपासणी झाली की चालायला लागावे. पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास सपाटीवर. आपल्याकडे हर्णे ते मुरुड किनाऱ्यासारखी वाट असताना जागा नाही ही सबब चालणार नाही. पुढचे दोन आठवडे एक तास, आणि त्यात आठवड्यातून दोनदा चढ हवा. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला खालून पायी चढून गेलात तर दर्शन आणि व्यायाम दोन्ही पदरात पडते. शेवटच्या दोन आठवड्यांत पाठीवर पाच किलोचे ओझे घेऊन तेच करावे. वेगाचे माप सोपे आहे. चालताना शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर वेग कमी करा. गाणे म्हणता येत असेल तर थोडा वाढवा.

चढ दम काढतो आणि उतार गुडघे काढतो. जिन्यावरून सावकाश उतरण्याचा सराव आणि हातात एक भक्कम काठी यांनी गुडघ्यांवरचा ताण बराच कमी होतो. बूट नवे घेतले असतील तर ते किमान महिनाभर घरी-बाजारात वापरून मऊ झालेले असावेत. नव्या बुटांनी आलेला फोड हे क्षुल्लक दुखणे वाटते, पण जंगलात मधेच पाय टेकवेना झाला की सगळ्या गटाचा खोळंबा होतो.

मधुमेहींसाठी दोन शब्द वेगळे. त्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून रात्री दिव्याच्या उजेडात तळवे पाहावेत. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांचा परिणाम लांब चालीत वाढतो. अचानक घाम फुटणे, हात थरथरणे, चिडचिड, गोंधळल्यासारखे होणे ही साखर घसरल्याची लक्षणे आहेत. खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोजची पूड हवीच. त्या दिवशीच्या गोळीचे प्रमाण काय ठेवायचे ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे, मनाने बदलू नये. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनीही हेच करावे.

पाणी आणि ऊन

कोकणातली हवा दमट. घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. म्हणून तितक्याच उन्हात देशावरच्यापेक्षा इथे माणूस लवकर गळतो. पूर्ण दिवसाच्या चालीला माणशी तीन लिटर पाणी हे कमीत कमी. ते तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहावे. नुसते पाणी ढोसूनही भागत नाही, कारण घामावाटे मीठही जाते. मीठ घातलेले कोकम सरबत उत्तम. त्याहून खात्रीचे म्हणजे जलसंजीवनीचे पाकीट. ते नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे औषध स्वस्त आहे म्हणून त्याला कमी लेखू नये. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य माणसे वाचवली.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग डोके दुखते, चक्कर येते, आणि परतल्यावर लघवीची जळजळ घेऊन दवाखान्यात येतात. गटप्रमुखाने दर दोन तासांनी थांबा घेऊन बायकांसाठी बाजूची जागा राखून ठेवावी. ही सोय फुकट करता येते.

उन्हात चालणारा माणूस अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, त्याचे अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. अशा वेळी आधी गार करणे आणि मग नेणे हा क्रम ठेवावा. सावलीत आडवे करून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

साप, विंचू आणि मधमाश्या

आपला रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी इतका प्रसिद्ध की इंग्रजी अमलात फुरसे मारून आणणाऱ्याला सरकारकडून बक्षीस मिळे. वीतभर लांबीचा, मातीच्या रंगाचा हा साप दगडाखाली आणि पाचोळ्यात असतो. त्याखेरीज घोणस, नाग आणि मण्यार. आपल्याकडे सर्पदंशाने होणारे बहुतेक मृत्यू या चार जातींमुळे होतात, आणि आपल्याकडे मिळणारे प्रतिविष या चारांवर चालते. डोंगरात झाडावर दिसणाऱ्या चापड्यावर ते लागू पडत नाही. त्याचा दंश सहसा प्राणघातक नसला तरी रुग्णालय चुकवू नये. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशावर राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. आराखडा कागदावर चांगला आहे. पण डोंगरात चावलेल्या माणसाला तो खाली आणणार नाही. ते काम बरोबरच्या माणसांचे आहे.

त्यांनी काय करावे? धीर द्यावा. अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे, कारण सूज येते. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी किंवा काठी लावून तो हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवावा. दंशाची वेळ लिहून ठेवावी. आवळपट्टी बांधू नये, ब्लेडने चिरू नये, तोंडाने चोखू नये, बर्फ लावू नये, साप मारत बसू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या माणसाला चालवू नये. पायाचे स्नायू हलले की विष लवकर पसरते. दोन बांबू आणि एक चादर यांची डोली करून त्याला उचलून आणावे. इथे हिशेब करा. चौघे डोली धरणार, दमले की दुसरे चौघे घेणार, एकजण पुढे पळत जाऊन १०८ ला फोन लावणार. म्हणूनच दोघा-तिघांनी रानात जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास पुढे कुठल्याही औषधाने भरून येत नाही. विष न टोचता चावलेल्या सापाचे श्रेय मांत्रिकाला मिळते आणि विष टोचलेल्याचे प्रेत आमच्या दारात येते.

रात्री मुक्काम असेल तर उघड्या जमिनीवर झोपू नये. मण्यारीचा दंश बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. मच्छरदाणी सतरंजीखाली नीट खोचून झोपल्यास मण्यार आणि डास दोन्ही दूर राहतात.

लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि धाप ही धोक्याची लक्षणे. या दंशावर प्राझोसिन ही साधी गोळी उपयोगी पडते, हे आपल्या शेजारच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगाला दाखवले. त्यामुळे पूर्वी हातचे जाणारे रुग्ण वाचू लागले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी मात्र डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायची. आपण करायचे ते इतकेच की सकाळी बूट झटकून घालायचे आणि दगड उचलताना बोटे खाली घालायची नाहीत.

गडांवर मला वाटणारी सर्वांत मोठी धास्ती मात्र आग्या मोहोळाची. कड्याला लोंबणाऱ्या पोळ्याखाली चूल पेटवणे, फटाके वाजवणे, दगड मारणे, आरडाओरडा करणे म्हणजे मरण ओढवून घेणे. उग्र अत्तर लावून जाऊ नये. माश्या उठल्याच तर हात झाडत उभे राहू नये. तोंड-डोके कापडाने झाकून तिथून लांब जावे, पाण्यात उडी घेऊ नये. पण कड्याच्या बाजूला पळू नये, घाबरून दरीत पडण्याचा धोका असतो. काटे नखाने लवकर खरवडून काढावेत. पुष्कळ डंख झाले असतील, किंवा एकाच डंखाने अंगावर गांधी उठून घसा आवळू लागला, तर थेट रुग्णालय.

परतल्यावरचा ताप

जंगलातून सुखरूप आलात म्हणजे प्रकरण संपले असे नाही. गवतातल्या बारीक किड्यांपासून स्क्रब टायफस होतो. त्यात चावल्या जागी, बहुधा काखेत किंवा जांघेत, सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप गोचिडीमुळे होतो. २०१६ पासून तो आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातही आला. रानात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये, आरोग्य केंद्राला कळवावे. पावसाळ्यातल्या चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरा. हे ताप पहिल्या दोन दिवसांत साध्या फ्ल्यूसारखे दिसतात. स्क्रब टायफस आणि लेप्टो वेळेवर ओळखले तर स्वस्त गोळ्यांनी बरे होतात. ओळखले नाहीत तर मूत्रपिंड आणि फुप्फुसे धरतात.

अंगभर कपडे घालावेत, पँट मोज्यात खोचावी, परतल्यावर साबणाने अंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकावेत. गोचीड चिकटली तर रॉकेल किंवा काडी न लावता चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी.

आफ्रिकेला जाणाऱ्यांचे दोन मुद्दे वेगळे आहेत. केनियासारख्या देशात जायचे तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रात घ्यावी लागते. त्या दाखल्याशिवाय परतल्यास विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवले जाऊ शकते. २०१६ पासून एका डोसचा दाखला आयुष्यभर चालतो. दुसरा मुद्दा मलेरियाचा. तिथला मलेरिया बहुतांशी मेंदूवर जाऊ शकणारा असतो. त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्या जाण्यापूर्वी सुरू करून परतल्यावरही सांगितलेले दिवस घ्याव्या लागतात. घरी पोचल्यावर डबी कपाटात टाकणारे बरेच आहेत.

थोडे आयोजकांना आणि अधिकाऱ्यांना

हल्ली पैसे घेऊन डोंगरावर नेणारे गट गल्लोगल्ली झाले आहेत. 'काही झाल्यास जबाबदारी माझी' अशा कागदावर सही घेतली की यांची तयारी संपते. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात आयोजकांनी नोंदणी करायची आहे. पैसे भरण्यापूर्वी आपण चार प्रश्न विचारावेत. नोंदणी आहे का? प्रथमोपचार शिकलेला माणूस बरोबर आहे का? वाटेवरच्या गावातला वाटाड्या घेतला आहे का? जवळच्या आरोग्य केंद्रात आज प्रतिविष आहे का, हे फोन करून विचारले आहे का? चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर पैसे परत घ्यावेत.

यात्रेच्या दिवशी चोरवण्याच्या पायथ्याला आणि अर्ध्या चढावर एकेक आरोग्य पथक, एक डोली आणि पाण्याचे पिंप असावे, अशी माझी जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याला विनंती आहे. पायथ्याच्या गावांतल्या दहा-बारा तरुणांना डोली वाहण्याचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण देता येईल. त्याला फार खर्च नाही. वर्षभर त्या तरुणांचा उपयोग गावालाच होईल, कारण साप काही फक्त यात्रेकरूंना चावत नाही.

आणि बॅगेत काय असावे? जलसंजीवनीची चार पाकिटे, ताणपट्टी, कापूस, जंतुनाशक, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, चिमटा, शिट्टी, बॅटरी, आणि स्वतःची रोजची औषधे दोन दिवस जास्तीची. आपल्या आजारांची आणि औषधांची नावे एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावीत. दारूची बाटली घरी ठेवावी.

शिवरात्रीला निघणाऱ्यांनी तारखेपासून सहा आठवडे मागे मोजावेत आणि त्या सकाळी घराबाहेर पडावे. आणि रानातून आल्यावर तीन आठवड्यांत, आफ्रिकेतून आल्यावर तीन महिन्यांत, ताप आला तर डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिले वाक्य हेच असू द्या, "मी जंगलात जाऊन आलो आहे."